बरगडी खाली, नजर समोर

गेवराई, १४ नोव्हेंबर

सत्या,

फाडू नको. फाडायचाच असला तर वाचून फाड. मुनव्वरमामू तुझ्यासमोर उभा हाय, म्हातारा माणूस हाय, तेवढा मान ठेव त्याचा.

माझ्या नंबरवरून तुला फोन लागत न्हाई. अम्मीच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला. जिममधल्या पोरांच्या फोनवरून लावला, तेच. बरं बाबा, कर ब्लॉक. पण मी बी गप बसणारा माणूस न्हाई, हे तुला चार वर्षांत कळलं असल. मामू दर जुम्म्याला नमाज झाली की टायर-ट्यूब टेम्पोत घालून तुमच्या कारखान्याच्या गाड्या दुरुस्त करायला येतो, रविवारी माघारी फिरतो. त्याच्या हातानं कागद धाडता येतो. दहावीनंतर पहिल्यांदा एवढं लिहितोय, अक्षराला हसू नको.

काम एकच हाय. मोळी उचलू नको.

ऊस तोड, पण गुडघ्यावर बसून तोड, कमरेतून वाकू नको. उसाचे वाढे गोळा कर, मोळ्या बांध. फक्त मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढू नको. थोडे आठवडे. मला माहीत हाय, बाकीच्या टोळीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो, तुमच्यात माय-लेकाचा हाय. सोळाव्या वर्षापासून तू बापाच्या जागी उभा हायस. तू न्हाई उचलली तर विमलमावशीला उचलावी लागती, हे बी कळतं मला. राधाकिशन मुकादमाला सांग, कुणाशी तरी काम अदलाबदल कर. कर काहीतरी. जीभ हाय ना तोंडात.

कावून म्हणशील. अरे, कमरेतली उसण हाय ती. एखादी उसण लांबती. बाकी काही न्हाई.

अन् निघायच्या दिवशी मी जे बोललो ते चेष्टेत बोललो. जिममधी चेष्टा चालतीच. तू लगेच तोंड फिरवून गेला, तुमच्या गावची, चकलांब्याची गाडी निघाली तरी मागं बघितलं न्हाई. एवढं बी मनाला लावून घ्यायचं नसतं बे. पोलीस भरतीचं मैदान फेब्रुवारीत लागल असं म्हणतेत. गोळा कोण फेकणार हाय मग? माझी अम्मी?

मावशीला बी फोन केलता परवा. तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, ठेवून दिला.

मामूजवळ दोन ओळी लिहून दे. नुसतं 'उचलत न्हाई' एवढं लिहिलं तरी चालल.

इरशाद


गेवराई, २१ नोव्हेंबर

सत्या,

मामूनं सगळं सांगितलं. तू कागद घेतला, उघडला बी न्हाई, खिशात कोंबला, अन् त्याच्याच समोर मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढला. मुद्दाम! मामू म्हणतो, चढताना डावा पाय फळीवरून ओढत होता पोरगा. वर जाऊन मोळी टाकली अन् मामूकडं बघितलं, कसं काय म्हणून.

अबे कुणाला दाखवतो? मामूला? मामूला काय फरक पडतो, त्यो टायर बदलतो अन् चहा पितो. मला दाखवायचं असल तर मी इथं हाय, तीन तासांच्या अंतरावर, अन् मला जे दिसायचं ते दिसलंय. पाय ओढतो म्हंजे काय, कळतं का तुला? रागानं डोकं दुखतंय माझं सकाळपासून. दोन पोरांवर उगीच खेकसलो, एकाला म्हणालो तुझी आई आली तरी आज तुला वजनाच्या दांडीला हात लावू देणार न्हाई. त्याची आई खरंच आली, डबा घेऊन.

इरम आलती रविवारी. माझी बहीण, संभाजीनगरला फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला हाय ती. जेवताना माझ्या फोनवर ती आपली रील बघत बसली. तू सत्तर किलो डोक्यावर ढकलतो ती, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची. मी कौतुकानंच दाखवली, तीन हजार लाईक हायत म्हणालो. तिनं घास खाली ठेवला. "भैया, ये कंधे से नहीं, कमर से उठा रहा है।" रील थांबवली, बोट ठेवलं. खरंच रे सत्या. तुझं पोट पुढं आलेलं, छाती छताकडं, बरगड्या उघड्या, अन् कंबर पार मागं मोडलेली. मी त्या रीलमधी मागून ओरडतोय, "शाब्बास! मोळी प्रेस!"

मला ते नाव लई आवडलतं. गेवराईत कुणालाच जमत न्हाई अशी तुझी ती लकब, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. आता कळतंय लकब कुठली हाय ती. मोळी डोक्यावर घेताना तू असंच करतो. पोट पुढं काढतो, कंबर मागं टाकतो, अन् डोकं मोळीखाली सारतो. सहा हंगाम झाले तुझ्या अंगाला हेच माहीत हाय. दांडी आली तरी अंगाला वाटलं मोळीच आली. अन् मी, उस्ताद म्हणवणारा, त्याला ताकद म्हणालो. चाळीसला म्हणालो, पन्नासला म्हणालो, प्रत्येक वेळी प्लेट वाढवली.

इरमनं मला, चौदा वर्षं जिम चालवणाऱ्याला, भिंतीला उभं केलं. तू बी करून बघ. भिंतीला पाठ लावायची, टाचा भिंतीपासून वीतभर पुढं. एक तळहात कमरेमागं घालायचा, बसतो का बघायचा. मग तो काढून दोन्ही हात सरळ वर न्यायचे, हळूहळू. जिथं बरगडी वर उचलती अन् कंबर भिंतीपासून सुटायला लागती, तिथं थांबायचं. तेवढाच तुझा खांदा उघडतो, त्याच्या वर जे जातं ते कमरेच्या जिवावर. माझे हात कानापर्यंत बी गेले न्हाईत, सांगू नको कुणाला. तुमच्या खोपीला भिंत नसती, हे लिहिताना आत्ता आठवलं. ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून कर.

अन् उद्या-परवा कधी दांडी हातात घेशील, तर मोकळी घे. प्लेट न्हाई. पाय खांद्याएवढे, तळपाय पूर्ण टेकलेला. ढुंगण आवळ. पोट असं आवळ की समोरून कुणी गुद्दा मारणार हाय. मनगट कोपराच्या बरोबर वर. बरगडी खाली, नजर समोर. दांडी नाकासमोरून सरळ वर जाऊ दे. तिला वाट द्यायची तर तोंड थोडं मागं घे, कंबर मागं घ्यायची न्हाई. कपाळाच्या वर गेली की डोकं परत दोन्ही हातांच्या मधी. कंबर वाकली की सेट संपला, मग आठ झाले असोत नाहीतर दोन. हे मी तुला चार वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं.

आता तर हे बी करू नको. आता काहीच उचलू नको. दांडी बी न्हाई, मोळी बी न्हाई.

अजून एक गोष्ट हाय, ती पुढच्या वेळी लिहितो. मामू हॉर्न वाजवतोय.

इरशाद


गेवराई, २८ नोव्हेंबर

सत्या,

मामू हॉर्न वाजवत नव्हता त्या दिवशी. मामू आत बसून अम्मीच्या हातचा चहा पीत होता. मला लिहायचं नव्हतं म्हणून तसं लिहिलं.

आज लिहितो. हे तिसरं पान हाय, पहिली दोन चुरगळून टाकली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दांडी खाली टाकून तू कंबर धरून बसला. मी म्हणालो उसण भरली. बाकीची पोरं म्हणाली, इरशादभाई पायाळू हायत, लाथ घाला, आत्ता उतरल. मी पायाकडून जन्मलो, अम्मीला तीन दिवस त्रास झालता म्हणतेत. तेव्हापासून अख्ख्या गल्लीच्या कमरा माझ्या पायाखालून गेल्या. मी पाच वर्षांचा असताना बी बायका मला कडेवर घेऊन जायच्या, कुणाच्या तरी सासऱ्याला लाथ मारायला. तुला पालथं झोपवलं अन् तीन लाथा घातल्या. तिसरी जोरात घातली, समोर मोबाईल धरलेला होता ना. तू ओरडला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. उठलास तेव्हा कळ कमरेतून पोटरीत उतरली म्हणालास. मी म्हणालो, उतरती म्हंजेच निघती.

मग आठवड्यानं मीच तुला बीडला नेलं, मशीनमधी घालून फोटो काढले. रिपोर्ट दोन दिवसांनी मी एकटाच आणायला गेलो. तुला फोनवर सांगितलं, नॉर्मल हाय, उसणच.

नॉर्मल न्हाई. मणक्यांच्या मधली चकती सरकलीय, खालून दुसरी. डाव्या पायाच्या नसेवर दाब हाय. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे वजन अजिबात न्हाई, वाकून काम न्हाई, मग व्यायाम शिकवू, तरणं पोरगं हाय, नीट राहिला तर बरा होईल. अन् न राहिला तर? मी विचारलं. म्हणाले, पाय उचलेनासा झाला, किंवा लघवीचं भान राहिलं न्हाई, तर एक तास बी घालवू नका, ऑपरेशन. मी विचारलं दांडीनं झालं का लाथेनं. त्यांनी चष्मा काढला अन् माझ्याकडं बघितलं. "लाथ?" म्हणाले. मी खाली मान घालून बाहेर आलो.

तो रिपोर्ट माझ्या कपाटात हाय. पोरं हाताला पावडर लावतेत त्या डब्याच्या खाली.

कावून लपवला? भरतीची नवी बॅच सुरू होणार होती, वीस पोरं. एकाची कंबर इरशादच्या जिममधी गेली, वरनं इरशादनंच लाथ घातली, असं बसस्टँडपर्यंत गेलं असतं तर कोण आलं असतं? भ्यालो मी. एवढंच कारण हाय, दुसरं काही चांगलं सापडत न्हाई. म्हणालो, पोरगं तरणं हाय, होईल बरं आपोआप.

अन् मग निघायच्या दिवशी तू जिममधी आलास. भरलेली जिम. म्हणालास, "इरशादभाई, पाय बधिर पडतोय, रिपोर्ट परत एकदा विचारता का?" सगळे बघत होते. मी हसलो. "टोळीला जायचं न्हाई म्हणून सोंग करतो का बे?" म्हणालो. सगळे हसले. मला तेव्हा माहीत होतं, सत्या. रिपोर्ट कपाटात होता अन् मी कपाटाला टेकून उभा होतो.

रिपोर्टची झेरॉक्स ह्या कागदाला टाचली हाय. मुकादमाला दाखव. मावशीला दाखव. मी तिला सांगू शकत होतो त्या फोनवर, जीभच वळली न्हाई. पाऊस विचारला मी तिला. ऊसतोडीला पाऊस!

चिडून का होईना, झोपून राहा. तुझा पाय जाईल बे.

इरशाद


गेवराई, ५ डिसेंबर

सत्या,

कागद माघारी आला. टाचणीसकट. तुमची टोळी दुसऱ्या फडावर हलली, मामूला कुणी नीट सांगितलं न्हाई कुठं, त्याच्या गाड्या तटून बसलत्या, तो फिरत बसला न्हाई. मी त्याला लई बोललो. तो म्हणाला, "एवढं होतं तर तू कावून न्हाई गेला?" अम्मी चपाती लाटत होती, तिनं बी मान वर केली. तिला बी तेच विचारायचं होतं.

मावशीचा फोन बंद येतोय दोन दिवस. मुकादमाचा नंबर मिळवला, तो उचलत न्हाई. मी जिममधी बसू शकत न्हाई, घरात बसू शकत न्हाई. हायवेवर उभा राहतो, उसाची गाडी दिसली की तिच्याकडं बघतो. गेवराईवरनं तुमच्या गाड्या जात बी न्हाईत, तरी बघतो.

काल भगवानराव आले, खताच्या दुकानाचे. कंबर धरून, दोन माणसांच्या खांद्यावर. म्हणाले, "इरशाद, घाल लाथ."

"काका, लाथ बंद केली."

"बंद? लाथ काय दुकान हाय का बंद करायला?"

"उताणे पडा. गुडघे वाकवा. उद्या बी दुखलं तर डॉक्टरकडं जा, मी नेतो."

"मी पडायला न्हाई आलो रे! पडलेलाच होतो घरी, तिथनं उठून आलो!" लई चिडले. तुझ्या आजाच्या वयाचा हाय, पाया पडून लाथ मागतोय, अन् तू नखरे करतो म्हणाले. पोरं हसायला लागली. मला हसू आलं न्हाई. मी सगळ्यांना सांगितलं, आजपासून ह्या पायाची लाथ कुणाला भेटणार न्हाई. कावून ते सांगितलं न्हाई. ते सांगायला पाहिजे होतं, तिथंच, तेव्हाच. तोंड उघडलं अन् म्हणालो, चला, पुढचा सेट.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. राधाकिशनचा फोन आत्ता लागला. फडाचं नाव सांगितलं त्यानं. तुझं विचारलं तर म्हणाला, "ते पोरगं व्हय, चार दिवस झाले सोंग करून पडलंय."

हाच शब्द. माझा.

उद्या सकाळी निघतो. हा कागद मामूकडं देत न्हाई, माझ्या खिशात ठेवतो.

इरशाद


फडावरून, १४ डिसेंबर

सत्या,

तू गेवराईत, मी इथं. मामू आज रविवारचा माघारी निघतो म्हणून घाईत लिहितोय, ट्रॉलीच्या फाळक्यावर कागद ठेवून. जाताना मामूच्या टेम्पोत गादी टाकून तुला आडवं केलं, तू टपाकडं बघत होता. तुझ्या उशाचे पहिले दोन अन् माझ्या खिशातले दोन, असे चारही कागद मी तुझ्या छातीवर ठेवले, तू ते खाली पाडले न्हाईत, तेवढ्यावर मी आठ दिवस काढले.

इरमनं तुला डॉक्टरांना दाखवून अम्मीला फोनवर सांगितलं, पायात ताकद हाय, ऑपरेशन लागणार न्हाई बहुतेक. अम्मी रडली म्हणे. मी बी. उसाच्या सरीत बसून रडलो, पाचटाची कुसळं डोळ्यात गेली असं सांगितलं सगळ्यांना.

तुला खोपीतून दिसलं नसल, म्हणून सांगतो. मी आलो तेव्हा मावशी फळीवर होती, डोक्यावर मोळी. अर्ध्या फळीवर थांबली, दम घेतला, परत चढली. तू पडल्यापासून चार दिवस तिनं एकटीनं कोयता भरला. खाली बायका म्हणत होत्या, पोरगं सोंगाडं निघालं. मी सगळ्या टोळीला बोलावलं अन् रिपोर्ट वाचून दाखवला. नाव, तारीख, सगळं. मग म्हणालो, हे मला महिनाभर माहीत होतं, मी लपवलं. राधाकिशन म्हणाला, "बरं, मग आता कोयता कोण भरणार?" मी म्हणालो, मी. त्यानं मला खालून वर बघितलं. गेवराईच्या जिमचा मालक, अंगात ट्रॅकसूट.

मला वाटलं मावशी मारल, शिव्या देईल. तिनं तुझा कोयता उचलला, धार अंगठ्यानं बघितली अन् माझ्या हातात दिला. अजून बी त्या रिपोर्टावर एक शब्द न्हाई. भाकरी टाकती, दोन वेळा वाढती, 'अजून घे' म्हणती. मी विषय काढला की उठून वाढे गोळा करायला जाती.

शंभर किलो बेंच मारणारा मी. पहिल्या दिवशी तिसऱ्या मोळीला फळीवर गुडघे लटपटले. खाली आष्टीकडची सुनिता नावाची बाई उभी होती, ती ओरडली, "अवो पैलवान, फळी हाय ती, नाचायला न्हाई!" सगळा फड हसला. हसू दे. तुझ्यावर हसलते ना माझ्यामुळं, तेवढं फिटंपर्यंत हसू दे.

पण एक बघितलं, ते तुला सांगायचंय. मावशी मोळी एकटी उचलत न्हाई. आधी डोक्यावर कापडाची चुंबळ नीट बसवती. मग कुणाला तरी हाक मारती, दोघी मिळून मोळी वर घेतेत, ती गुडघ्यातून खाली जाती अन् पाठ सरळ ठेवून उठती. पोट आत. बरगडी खाली! मी बघतच राहिलो. इरमनं तीन वर्षं कॉलेजात शिकून जे सांगितलं, ते मावशी बावीस हंगाम करती. मी विचारलं, सत्याला कावून न्हाई शिकवलं? म्हणाली, "त्याला कुणाचा हात घ्यायचाच नसतो. एकट्यानं उचलली की पोरी बघतेत. मी सांगून थकले." म्हंजे मोडकी कंबर तू इथनंच घेऊन आलता. अन् मी तुला काय शिकवलं? हात घेऊ नको, एकट्यानं मार, मोबाईल चालू हाय.

परवा मला बी उसण भरली. खरी उसण, पाय बधिर बी न्हाई अन् काही न्हाई, नुसती कळ. पण मला वाकता येईना. टोळीत हवा झाली. ती सुनिता पायाळू निघाली! पदर खोचून उभी राहिली, म्हणती पालथं पडा पैलवान, एका लाथेत उठवते. मी असा ओरडलो की बैल बुजले. मावशी पहिल्यांदा हसली. तोंडावर पदर धरून, पण हसली.

आता मी बी हाक मारतो. प्रत्येक मोळीला. 'या हो कुणीतरी' म्हणतो, लाज वाटत न्हाई. मावशीला फळीवर चढू देत न्हाई, ती ऐकत न्हाई ते वेगळं. मी एक मोळी टाकून उतरतो तवर ती दुसरी घेऊन निघालेली असती.

जिमची किल्ली अम्मीकडं हाय. चालू ठेव. खुर्चीवर बस, लई वेळ बसू नको, मधी मधी ऊठ, इरम दर रविवारी येती, ती सांगल तसं कर. पोरांना मोकळी दांडी शिकव. प्लेटा कपाटात घालून कुलूप लाव म्हणालो असतो, पण त्या कपाटाचं आता नावच नको.

सहा आठवडे मी इथं हाय. लागले तर जास्त. एकदा लिही सत्या. शिवी लिही. तुझं अक्षर बघायचंय.

इरशाद


गेवराई, १९ डिसेंबर

इरशादभाई,

चारही पत्रं वाचली. पाचवं बी वाचलं. पहिलं फडावरच वाचलतं, मामू गेल्यावर. 'उसण हाय, बाकी काही न्हाई' असं त्यात होतं, म्हणून दुसरं उघडलंच न्हाई तेव्हा.

पाय बरा हाय. बधिर पडायचा कमी झाला. इरमताईनं पडून करायचे तीन व्यायाम दिलेत. तुमच्या अम्मी, जैनबचाची, दोन वेळा डबा घेऊन स्वतः येतेत, मी खाईपर्यंत हलत न्हाईत.

लाथ मीच मागितली होती पोरांबरोबर, ती तुमच्यावर घालत न्हाई. सत्तर किलो बी मीच लावा म्हणालतो. रिपोर्टाचं आईला ठरवू द्या, ती बोलल तेव्हा बोलल, तुमी सारखा विषय काढू नका.

सोंग म्हणालात ते मात्र गेलं न्हाई माझ्या मनातून. तुमी फडावर सगळ्यांसमोर कबूल केलं, ते आईनं फोनवर सांगितलं. पण म्हणाला होतात ते जिममधी. हसले ते जिममधले. ते अजून तसंच समजतेत. मी दिवसभर खुर्चीवर बसून मोकळी दांडी शिकवतो, भिंतीला उभं करतो, बरगडी खाली, नजर समोर. एक जण रोज विचारतो, तू स्वतः कावून उचलत न्हाई. मी सांगतो, इरशादभाई येतील तेव्हा सांगतील.

मी काही सांगणार न्हाई. तुमी आल्यावर सांगा. सगळी बॅच असताना, कपाटापाशी उभं राहून.

नंबर अजून मोकळा केला न्हाई. कागदच धाडा. फोनवर तुमी पाऊस विचारता.

आई तुमचं ऐकणार न्हाई, माझं बी कधी ऐकलं न्हाई. तिला फळीवरून उतरवायचं असल तर एकच उपाय हाय, चुंबळ तुमच्याकडं ठेवा. चुंबळीशिवाय ती मोळी घेत न्हाई. सकाळी ती चूल पेटवायला गेली की उशाखालून काढून घ्या.

आजच घ्या.

सत्यम